ड्रॉइंगच्या सरांचं सुखी कुटुंब

राजूरच्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवणारे शांतवन पाटोळे यांनी आयुष्यात स्वतःच्या डोक्याने फारसे निर्णय घेतले नव्हते. नोकरी नगरच्या मामांनी बघून दिली. लग्न आईने ठरवलं. मिशीसुद्धा राजूरच्या न्हाव्याने एकदा चुकून एका बाजूने जास्त उडवली म्हणून दुसऱ्या बाजूने उडवावी लागली, ती गेलीच. त्यामुळे बहात्तर सालच्या त्या कोरड्या हिवाळ्यात नववीच्या वर्गासमोर उभं राहून त्यांनी जो एक निर्णय घेतला, तो अगदी त्यांचा स्वतःचा होता. (आणि तो अंगाशी आल्यावर वाटून घ्यायलाही दुसरं कुणी नव्हतं.)

निर्णय एवढाच, की पोरांनी चित्र कॅलेंडरवरून उतरवायचं नाही. डोळ्यांना दिसेल तेच काढायचं.

त्याचं असं झालं. त्या वर्षी पाऊस आला तो वसुलीला आलेल्या माणसासारखा, दारातूनच डोकावून परत गेला. अकोले तालुक्याच्या त्या डोंगरपट्टीत एरवी पाऊस नको म्हणायची वेळ यायची. पण त्या साली भाताची रोपं चिखलाऐवजी भेगांत उभी राहिली आणि उभ्या उभ्याच पिवळी झाली. गडीमाणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. बाजाराच्या दिवशीसुद्धा राजूरच्या पेठेत माणसं यायची, ती भाव विचारायची आणि सुस्कारा टाकून पुढे जायची. अशा वेळी सरकारी आरोग्य खात्याने ठरवलं, की राजूरला कुटुंबनियोजनाचं शिबिर घ्यायचं. खायला कमी आहे तर खाणारी तोंडंही कमी असावीत, असा त्यामागे विचार असावा.

हायस्कूलचे हेडमास्तर राधाकृष्णराव यांना सरकारी शिबिरांचा भारी उत्साह. त्यांनी पाटोळे सरांना ऑफिसात बोलावून घेतलं.

"पाटोळे, तुमच्या विषयाचा शाळेला एकदा तरी उपयोग झाला पाहिजे."

"हो सर," पाटोळे म्हणाले. ड्रॉइंगचे तास काढून शेतकीला द्यावेत, असं राधाकृष्णरावांच्या मनात बरेच दिवस होतं. त्या वर्षी शेतात दाखवण्यासारखं काही नव्हतं म्हणूनच ते अजून मनात राहिलं होतं, हे पाटोळ्यांना ठाऊक होतं.

"नववीकडून पोस्टरं करून घ्या. 'लहान कुटुंब, सुखी कुटुंब.' गावभर लावू. शिबिर गाजलं, तर ड्रॉइंगचे तास राहतील. नाहीतर मग बघू."

पाटोळे सर वर्गावर आले तेच मुळी भारावून. इतकी वर्षं त्यांनी पोरांकडून वांगं, तांब्या आणि वांग्याशेजारी तांब्या एवढंच काढून घेतलं होतं. आता खरं काम आलं होतं. त्यांनी प्रत्येकाला अर्धी कार्डशीट दिली, अक्षरं कुठे बसवायची ते फळ्यावर आखून दाखवलं, आणि मग तो निर्णय जाहीर केला.

छगन नावाचा एक उंचापुरा पोरगा मागच्या बाकावरून उठला. "सर, आमच्या घरात चौदा मान्सं हायेत. लहान कुटुंब कुठं बघू?"

"शेजारी बघ."

"शेजारी आमचं चुलतं हायेत. तिथं सोळा."

वर्ग हसला. पाटोळे सरांनी हात वर केला. "अरे, सगळ्या राजुरात एक तरी घर असेल ना? नवरा, बायको, फार तर दोन मुलं. डोळे उघडे ठेवा. चित्रकाराचं अर्धं काम डोळ्यांचं असतं."

पहिल्या बाकावर मनकर्णा नावाची एक अबोल मुलगी बसायची. तिने पेन्सिल हात लांब करून धरली, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत प्रमाण घेऊ लागली. आपण शिकवलेलं कुणीतरी ध्यानात ठेवलं, म्हणून पाटोळ्यांना भरून आलं. ती फळ्याचं माप घेत असावी, असं त्यांना वाटलं.

रंगवण्याच्या दिवशी पाण्याची पंचाईत झाली. ब्रश धुवायला पाणी मागितलं म्हणून शाळेच्या शिपायाने सरांकडे असं बघितलं, जणू त्यांनी दूधच मागितलंय. शेवटी वर्गाला मिळून एक डबा पाणी मिळालं. तो डबा पहिल्या बाकावरून निघाला तेव्हा पाणी पाण्यासारखं होतं. तिसऱ्या बाकापर्यंत त्याचा चहा झाला, आणि छगनपर्यंत पोचेस्तोवर त्यात ब्रश उभा राहू लागला. म्हणून सगळी सुखी कुटुंबं मातकट रंगाची झाली. कुटुंबनियोजनाचा तांबडा त्रिकोण विटकरी आणि आकाश शेणकट.

पोस्टरं वाळत घातली, आणि नेमकं त्याच वेळी पाटोळे सरांच्या पायाने दगा दिला. त्यांच्या उजव्या तळव्याला एक कुरूप होतं. बरेच महिने ते त्याच्याभोवतीनं चालत होते; पण आता पाऊल टेकेना. त्यांची बायको दया वर्षभर मागे लागली होती, की नगरला जाऊन एकदाचं काढून या. शेवटी ते एस.टी.त बसले आणि नगरला गेले. जाताना हेडमास्तरांना सांगून गेले, "पोस्टरं मी आल्यावर तपासतो, मगच लावू."

राधाकृष्णरावांना एवढा धीर कुठला! सरांची एस.टी. घाटाच्या वळणावर दिसेनाशी होते न होते, तोच त्यांनी शिपायाला खळीचा डबा देऊन गावात पिटाळलं.

चार-सहा दिवसांनी पाटोळे सर परत आले. बुटाच्या आत तळव्याला जाड पट्टी, पाऊल पूर्ण टेकवायची बंदी, त्यामुळे पाय फाकून, एक-एक पाऊल जपून टाकत ते एस.टी.तून उतरले. समोरच्या भिंतीवर पहिलं पोस्टर होतं. ते छगनचं. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'लहान कुटुंब, सुकी कुटुंब.'

छगन बोलतो तसंच लिहितो, हे सरांना माहीत होतं. त्या दुष्काळात ते अगदीच खोटंही नव्हतं. पण खाली नजर गेली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चित्रातला बाप्या टकलू होता. त्याला मिशी नव्हती. अंगात बंद गळ्याचा कोट आणि काखेत छत्री. राजुरात अशा वर्णनाचा माणूस एकच होता, आणि तो त्या क्षणी पाय फाकून त्या चित्रासमोर उभा होता. शेजारची बाई उंच, चष्मेवाली, खांद्याला पाट्यांची पिशवी. ती दया होती.

ते लंगडत पुढच्या भिंतीशी गेले. तिथेही तेच दोघं. भात गिरणीवर तेच. चावडीवर तेच. पोरांनी खरोखरच डोळे उघडे ठेवले होते. साऱ्या राजुरात त्यांना एकच लहान कुटुंब सापडलं होतं, आणि ते रोज हजेरी घ्यायला समोरच उभं राहत होतं.

बहुतेकांनी फक्त नवरा-बायको काढली होती. पण भिमाजीच्या चहाच्या दुकानाशेजारचं पोस्टर मनकर्णाचं होतं. तिने दोन मुलंही काढली होती. एक मुलगा, एक मुलगी. मुलीने दयाचा पदर धरला होता, आणि तिचे कान दोन्ही बाजूंना उभे होते. थेट पाटोळे सरांचे कान.

सर तिथे उभेच राहिले. पायाची कळ डोक्यात गेली की काय, असं त्यांना वाटलं. लग्नाला दहा वर्षं उलटून गेली होती आणि त्यांना मूल नव्हतं. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तपासलं होतं. कुणातच काही दोष नाही, म्हणाल्या, वाट बघा. दोघांनी वाट बघितली. प्रार्थना केली. मग प्रार्थनेत मुलाचं नाव काढणंही हळूहळू बंद झालं. दया गावातल्या बालवाडीत शिकवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसायची, त्यांना गाणी शिकवायची, संध्याकाळी ज्याची त्याला परत करायची. गावातल्या बाया तिला बारशाला बोलवायच्या, चहा द्यायच्या, पण पाळण्याच्या दोरीला हात लावू द्यायच्या नाहीत. दयाने हे कधी सांगितलं नव्हतं. सरांनी एकदा दारातून स्वतः पाहिलं होतं. त्या दिवशी घरी येऊन ती नेहमीपेक्षा जास्त बोलत होती.

"या सर, बसा, बसा!" भिमाजीने बाकडं पुसून दिलं. भिमाजी सरांना इतकी वर्षं चहा देत आला होता. पण बाकडं त्याने कधी पुसलं नव्हतं. तो सरांच्या चालण्याकडे टक लावून बघत होता. बाकड्यावरच्या चार माणसांनी सरकून जागा केली.

"नगरास्नं आलात?" भिमाजीने आवाज खाली आणून विचारलं.

"हो."

"केलं व्हय आपरेशन?"

"केलं बाबा एकदाचं."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांचं सगळं लक्ष त्या चित्रातल्या मुलीच्या कानांकडे होतं.

"लई दुखलं का वो?"

"छे! दहा मिनिटांचं काम. तेवढ्यापुरती बधिर करतात जागा. आता चालताना जरा ताण बसतो इतकंच."

"आन् परत... म्हंजे परत काय व्हनार न्हाई ना?"

"यंदा नाही होणार. मुळासकट काढलंय."

एकाने बशी खाली ठेवली आणि मांडी घट्ट आवळून घेतली.

"यंदा म्हंजे?" भिमाजी आणखी जवळ सरकला. "आदी बी येकदा केलं हुतं का काय?"

"केलं होतं ना! लग्नाच्या वर्षीच. पण तेव्हा अर्धवट झालं होतं, मूळ राहून गेलं."

"लग्नाच्या वर्षीच!" भिमाजी म्हणाला. त्याने एकदा चित्रातल्या पोरांकडे पाहिलं आणि एकदा सरांकडे. "आन् बाईस्नी चालतंय?"

"बाईच मागे लागली होती वर्षभर. तिला मेलीला माझं लंगडणं बघवेना." हे शेवटचं वाक्य भिमाजीने ऐकलंच नाही. तो आत जाऊन सरांसाठी दुधाचा चहा घेऊन आला, आणि त्याचे पैसे काही केल्या घेईना.

पुढचे दोन दिवस पाटोळे सरांचे विलक्षण गेले. रस्त्याने जाताना माणसं वाट सोडायची. आडतीच्या दुकानात कुणीतरी खुर्ची दिली, वर उशी ठेवून. एक म्हातारबुवा हात जोडून म्हणाले, "मास्तर, काळीज पायजे ह्याला." सरांची समजूत झाली, की गावाला अखेर कला कळली. चित्रांत चेहरे आपले आले खरे, पण पोरांचं निरीक्षण काय तयार झालंय, हे लोकांना दिसलं. (माणूस कौतुकाला उपाशी असला म्हणजे कशाचंही कौतुक पचवतो.) घरी मात्र दया गप्प होती. पोस्टरांबद्दल ती काही बोलली नाही, म्हणून सरही बोलले नाहीत. ती कोमट पाण्याने पाय धुऊन पट्टी बदलून द्यायची, आणि ते उरलेलं पाणी जपून दारातल्या मोगऱ्याला घालायची.

तिसऱ्या दिवशी राधाकृष्णरावांनी त्यांना ऑफिसात बोलावलं, आणि चक्क उठून हात हातात घेतला.

"पाटोळे, तुम्ही बोलला नाहीत कधी!"

"काय सर?"

"एवढा त्याग! लग्नाच्या वर्षीच! मी तर म्हणेन, पोस्टरं ठीक आहेत. पण जिवंत उदाहरण ते उदाहरण. शिबिराच्या दिवशी तुम्ही स्टेजवर बसायचं आणि चार शब्द बोलायचे. ड्रॉइंगच्या तासांची चिंता सोडा."

सरांना उलगडा व्हायला वेळ लागला. मग एकदम झाला. बाकडं, उशी, दुधाचा चहा, 'काळीज पायजे', सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"सर, ते... ते पायाचं होतं हो! कुरूप होतं!"

"विनय पुरे," राधाकृष्णराव म्हणाले, आणि घंटा वाजवून त्यांनी शिपायाला बोलावलं.

पाटोळे सर तडक घरी निघाले. तडक म्हणजे जेवढं लंगडत जाता येईल तेवढं. वाटेत त्यांनी ठरवून टाकलं, की आज संध्याकाळी भिमाजीच्या दुकानात जायचं, बूट काढायचा, तळवा वर करून सगळ्यांना दाखवायचा आणि विषय संपवायचा.

दया ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. त्यात तांदूळ कमी आणि खडे जास्त होते.

"तुझ्या कानावर आलं का काही?" सरांनी दम खात विचारलं.

"आलं." तिने मान वर केली नाही. "परवाच आलं. साळूबाई सांगून गेली."

साळूबाई म्हणजे त्यांच्या शेजारची म्हातारी. गावातलं कुठलं बारसं कुणाच्या हातून व्हावं आणि कुणाच्या हातून होऊ नये, हे तीच ठरवायची.

"काय म्हणाली?"

"रडली." दयाने एक खडा अंगणात टाकला. "म्हणाली, पोरी, आमी उगा तुला बोल लावला. तुझ्या नवऱ्यानंच घात केला. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला."

सर तिच्या समोर बसले. "दया, मी आजच जाऊन सांगतो. हे बघ, पाय आहे माझा. पट्टी तूच बांधतेस." आणि खरोखरच त्यांनी पाय उचलून पुढे केला. बायकोला पटवायला पाय दाखवावा लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा पाय हवेत होता. आता तो खाली कसा घ्यावा, हे त्यांना कळेना.

"मला माहीत आहे हो." दयाने तो पाय हाताने धरून हळूच खाली ठेवला. "पण परवा ती सांगत होती ना, तेव्हा क्षणभर मला वाटलं, खरंच तसं असतं तर बरं झालं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे कारण तरी असतं. तुमच्यावर रागावता आलं असतं."

अंगणात एक कोंबडी तो खडा तांदूळ समजून टोचत होती.

"भिमाजीच्या दुकानापाशी लावलंय ते पाहिलंत?" थोड्या वेळाने दयाने विचारलं.

"पाहिलं."

"तिचे कान तुमच्यासारखे काढलेत."

"हो. प्रमाण बरोबर घेतलंय."

"मी रोज तिकडून जाते," दया म्हणाली. "बालवाडीला तो रस्ता लांब पडतो." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "अहो, नाही म्हणू नका. काल बारसं होतं वरच्या आळीत. मला पाळण्याची दोरी दिली. नाव ठेवताना बाळाच्या कानाशी मला वाकू दिलं. तुम्ही आज दुकानात जाऊन तळवा दाखवाल, आणि उद्या पुन्हा..."

पाटोळे सर त्या संध्याकाळी भिमाजीच्या दुकानाकडे गेले नाहीत. ते मागच्या अंगणात बसून राहिले आणि काळोख पडेपर्यंत डोंगराच्या कडेकडे बघत राहिले. गावभर लोक आपल्या मागे काय बोलत असतील, याचा विचार त्यांनी करून पाहिला. पुरुषासारखा पुरुष, आणि हे बोलणं! मग त्यांना पाळण्याची दोरी आठवली, आणि ते उठून आत गेले.

शिबिराचा दिवस उजाडला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मागे दोरीला सगळी पोस्टरं टांगली होती, त्यामुळे स्टेजवर बसलेल्या पाटोळे सरांच्या मागे आणखी पाटोळे सर ओळीने उभे होते. एका बाजूला दुष्काळी कामावरून सुट्टी देऊन आणलेली गडीमाणसं, दुसऱ्या बाजूला बाया. दया बायांत, साळूबाईच्या शेजारी. नव्याने आलेले सरकारी डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. राधाकृष्णरावांनी लांबलचक प्रास्ताविक केलं, आणि शेवटी "आता आपल्यासमोर एक जिवंत उदाहरण" म्हणून पाटोळ्यांकडे हात केला.

पाटोळे सरांनी रात्रभर विचार करून भाषण बांधलं होतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. ते उभे राहिले, लंगडत पुढे आले. मांडवात सुतक पडावं तशी शांतता झाली.

"मंडळी, भ्यायचं काही कारण नाही," ते म्हणाले. "डॉक्टर देवासारखे असतात. दहा मिनिटं लागतात. सुई टोचताना डोळे मिटून घ्यावेत. नंतर चार दिवस ओझं उचलू नये, सायकल चालवू नये आणि जागा कोरडी ठेवावी. बस्स. माणूस आठवड्यात पूर्ववत चालू लागतो."

राधाकृष्णरावांनी टाळी वाजवली. भिमाजीनेही वाजवली. आपण सुटलो, असं सरांना वाटलं. ते वळले, तेवढ्यात बायांच्या बाजूने साळूबाई उठून उभी राहिली. कुणाच्या बापाला भ्यायचं वय तिने केव्हाच मागे टाकलं होतं.

"मास्तर, येक इचारते. लग्नाच्या वर्षीच आपरेशन केलंत म्हनं. ह्या पोरीला इचारलं हुतं का?"

सरांनी बायांकडे पाहिलं. दयाची मान खाली होती, आणि तिने पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं, की लांबूनही कळत होतं. बांधून आणलेल्या भाषणात याचं उत्तर नव्हतं. खरं उत्तर होतं, ते तळव्याखाली होतं. बूट काढला की झालं. बूट काढला, की ते पुन्हा पुरुषांत पुरुष, आणि दया पुन्हा दोरीपासून लांब.

"नाही विचारलं," पाटोळे सर म्हणाले. "तिला नाही विचारलं. तिचा काही दोष नाही. सगळा दोष माझा."

एवढं बोलून ते खाली बसले. आधी बायांतून एक लांब 'आगं बया' उठलं. मग पुरुषांतून कुजबुज सुरू झाली. डॉक्टर ताडकन उठले. "अहो, कुठल्या डॉक्टरने हे केलं? मूल नसलेल्या माणसाचं आम्ही ऑपरेशन करत नाही! दोन-तीन मुलं झाल्यावर करायचं असतं!" पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. "पोरं व्हायच्या आदीच धरत्यात म्हनं," असं कुणीतरी मागे म्हणालं. लग्न ठरलेले दोन गडी पहिल्यांदा उठले. मग बाकीचे उठले. भिमाजी स्वतःच्या सात पोरांना गोळा करत सगळ्यांच्या पुढे निघाला. दुष्काळी कामावर न गेलेला माणूसही त्या दिवशी दुपारी खडी फोडायला हजर झाला, असं नंतर मुकादमाने सांगितलं.

शिबिरात एकही नाव लागलं नाही. राधाकृष्णराव रिकाम्या मांडवात उभे राहिले आणि म्हणाले, "पाटोळे, सोमवारपासून ड्रॉइंगचे तास शेतकीला." पोस्टरं खाली उतरवताना सरांनी एक गुंडाळी बाजूला काढली. ती दयाने न बोलता त्यांच्या हातातून घेतली, आणि पाट्यांच्या पिशवीत उभी ठेवली.

दोघं घरी आले. दयाने चूल पेटवली. पाटोळे सर उंबऱ्यावर पाय लांब करून बसले. तास गेले होते, अब्रू गेली होती. गावातलं कुठलंही शेंबडं पोर आता आपल्याकडे बोट दाखवेल, हे त्यांना दिसत होतं. पण आतून कुठेतरी त्यांना उंच झाल्यासारखंही वाटत होतं. बायकोसाठी एवढं कोण करतं? दयाने नुसतं एकदा म्हणावं, असं त्यांना फार वाटत होतं.

"आता तुला कुणी काही बोलणार नाही," त्यांनी आपणहून विषय काढला.

"नाही बोलणार." दयाने तव्यावर भाकरी टाकली. "साळूबाईने तर सगळ्यांसमोर मला मिठी मारली."

"बाकीच्या?"

"बाकीच्यांना काही नवल वाटलं नाही."

"म्हणजे?"

दयाचा खांदा हलला. आधी सरांना वाटलं, ती रडतेय. मग दिसलं, की ती हसू दाबतेय. कितीतरी महिन्यांत ती तशी हसली नव्हती.

"बायांतली ती भागूबाई म्हणाली, ह्यात सांगायचं काय हाय? आमा समद्या बायांचं पयल्यापास्नं हेच म्हननं हुतं, की खोट मास्तरातच असनार. साळूबाई येकटीच ऐकत नव्हती."

"पहिल्यापासून?" पाटोळे सर ताठ झाले. "का म्हणून?"

"म्हणाली, शाळंच्या फाटकावरचं नाव रंगवायला घेतलं त्याला दुसरी दिवाळी आली, अजून 'हाय' झालंय आन् 'स्कूल' व्हायचंय. त्या मान्साच्या हातून दुसरं काय पुरं व्हनार?"

चुलीत एक काटकी फुटली. सरांनी पाय आखडून घेतला.

"आणि तू?" त्यांनी शेवटी विचारलं. "तू काय म्हणालीस त्यांना?"

दयाने भाकरी उलटली. "मी काय म्हणणार? म्हटलं, असू द्या. अक्षर तरी वळणदार आहे."